कीटोन आला कुठून?

पेणचा एक साबणवाला शेठ माझ्याशी भांडायला थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला होता. आमच्या कंपनीचा माल तो साबणाला वास आणायला वापरायचा. कडू बदामाच्या वासाचा, पाण्यासारखा स्वच्छ द्रव. शेठच्या हातात ड्रमचं झाकण होतं आणि झाकणाच्या कडेला पांढरे चकचकीत खडे जमले होते.

"मॅडम, तुमच्या मालात मीठ आहे."

"ते मीठ नाही हो."

"मी पेणचा माणूस. आमच्या खाडीला मिठागरं आहेत. मीठ काय असतं ते मला तुम्ही सांगणार?"

मी चिमूटभर खडे गार पाण्यात टाकले. मीठ असतं तर विरघळलं असतं, हे खडे तसेच राहिले. मग त्यात थोडा खायचा सोडा घातला. बुडबुडे आले, हळूहळू खडे गेले आणि पाणी स्वच्छ झालं.

"मीठ सोड्यात असं फसफसतं का?"

शेठ वाकून बघत राहिले. "मग हे घातलं कोणी?"

"तुम्ही. ड्रम उघडून झाकण सैल ठेवलंत. आत हवा गेली. हवेतल्या ऑक्सिजनने बदामाच्या वासाचं आम्ल करून टाकलं. तेच हे खडे."

"नुसत्या हवेने?"

"नुसत्या हवेने."

शेठ भांडण विसरले. पुढे कितीतरी वर्षं ते पेणहून रोह्याला आले की प्रयोगशाळेत डोकावायचे आणि काहीतरी विचारायचे. खोबरेल खवट का होतं, कापलेलं सफरचंद काळं का पडतं. मला ते गिऱ्हाईक फार आवडायचं, कारण कंपनीत मला तेवढ्या कुतूहलाने प्रश्न विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

निवृत्त झाल्यावर शेजारणी विचारतात, "तुम्ही रोह्याजवळ धाटावला कंपनीत नेमकं काय करायचात?" मी म्हणते, ऑक्सिडीकरण आणि क्षपण. पुढे कोणी काही विचारत नाही. खरं तर गोष्ट अवघड नाही. लोखंड गंजतं तसं कार्बनी पदार्थही हळूहळू 'गंजतात'. त्यांना ऑक्सिजन येऊन मिळतो, किंवा त्यांच्यातला हायड्रोजन निघून जातो. हे ऑक्सिडीकरण. उलट करायचं, हायड्रोजन परत आत घालायचा, की ते क्षपण. आमचं सगळं कारखानदारीचं कसब थांबण्यात होतं. अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण केलं की अल्डिहाइड होतं, तोच तो बदामाचा वास. पण त्याच क्षणी थांबला नाहीत तर ते पुढे आम्ल होऊन बसतं. वास गेला, माल गेला. काही अल्कोहोलं मात्र वेगळ्या घडणीची असतात. त्यांचं कीटोन होतं आणि कीटोन सहसा तिथेच थांबतो. त्याला पुढे ढकलायचं तर फार जबरदस्ती करावी लागते. नखांचं पॉलिश पुसायच्या द्रवाला जो वास येतो तो सगळ्यात साधा कीटोन, ॲसिटोन. आम्ही प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली की ती लवकर सुकावीत म्हणून त्यानेच विसळायचो. माझ्या साड्यांनासुद्धा त्याचा वास होता.

एवढं लक्षात ठेवलंत तरी पुढची हकीकत कळेल. ती काशिनाथची आहे.

काशिनाथ पेणच्या पलीकडचा, खाडीकाठच्या खारेपाटातला. घरची थोडी भातशेती, वडील मिठागरावर कामाला. कंपनीची बस त्याला वडखळला घ्यायची आणि नागोठण्यावरून, भिसे खिंड चढून रोह्याला आणायची. तो हायड्रोजनच्या प्लँटवर ऑपरेटर होता, म्हणजे आमच्या क्षपण विभागात. तिथे बंद भांड्यात दाबाखाली हायड्रोजन सोडतात आणि निकेलची काळी पूड वापरतात. ही पूड ओली आहे तोवर गरीब असते. कोरडी होऊन हवेला लागली की आपोआप पेटते. शेजारी हायड्रोजन. त्यामुळे त्या प्लँटवर कोणी दारू पिऊन येणं म्हणजे चेष्टा नव्हती.

आणि काशिनाथ एकदा तसा आला होता. बऱ्याच आधी. तेव्हा त्याला लेखी ताकीद मिळाली होती, पुन्हा सापडलास तर थेट घरी. त्यानंतर त्याने सोडली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, असं त्यानेच मला सांगितलं होतं. नमुन्याची बाटली घेऊन तो प्रयोगशाळेत यायचा, तेव्हा रिपोर्ट मिळेपर्यंत दाराशी उभा राहून बोलायचा. माणूस कामाला चोख होता.

त्या दिवशी मी जनरल शिफ्टला गेटमधून आत येत होते. सिक्युरिटीच्या खोलीत बाकावर काशिनाथ बसलेला दिसला. खरं तर तो पहिल्या शिफ्टला, म्हणजे कधीच आत गेलेला असायला हवा होता. हातात पाण्याची बाटली होती. लांबून पळत आल्यासारखा तो खोल खोल श्वास घेत होता, पण बसलेला होता. चेहरा अगदी उतरलेला.

"काय झालं, काशिनाथ?"

त्याच्याऐवजी सिक्युरिटीवाल्याने सांगितलं, "प्यायलाय, मॅडम. यंत्र लाल झालं. दोनदा फुंकर मारून घेतली. देशमुख साहेबांची वाट बघतोय."

काशिनाथ मान वर न करता म्हणाला, "मी नाय पिलो, मॅडम. माझे पोरीची आन."

मी त्याच्याजवळ वाकले आणि वास आला. गोडसर, जरा फळांसारखा, पण मागे एक टोचरी कड. सिक्युरिटीवाल्याला तो दारूचा वाटला यात नवल नाही. पण मी आयुष्यभर त्याच वासात काम केलं होतं. तो ॲसिटोन होता.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते अगदी साधं, कुठेतरी सांडला असेल. म्हणून विचारलं, "सकाळी प्लँटमध्ये गेला होतात?"

"नाय. बशीतून उतरलो, हितंच धरला."

"कपड्यांवर काही सांडलं? कालच्या ड्युटीला?"

"काल माझी सुट्टी."

मी त्याच्या शर्टाच्या बाहीचा वास घेतला. घाम होता, साबण होता, ॲसिटोन नव्हता. वास त्याच्या तोंडातूनच येत होता. ॲसिटोन काही कोणी पीत नाही. मग हा कीटोन आला कुठून? खरं सांगते, त्या क्षणी मला काशिनाथच्या नोकरीची जेवढी काळजी वाटली त्याहून जास्त त्या प्रश्नाने मला धरून ठेवलं.

तेवढ्यात देशमुख आले. ते पर्सोनेलचे अधिकारी होते. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला पक्का. त्यांनी यंत्रातला आकडा बघितला, काशिनाथकडे बघितलं आणि मोठा निःश्वास टाकला.

"काशिनाथ, तुला मी तेव्हाच सांगितलं होतं. आता माझ्या हातात काही नाही. वडखळला माल घेऊन गाडी निघतेय, तिच्यात बस आणि घरी जा. बाकीचं ऑफिस बघेल."

"साहेब, मी नाय पिलो."

"मग यंत्र खोटं बोलतं का?"

मी म्हटलं, "देशमुख साहेब, यंत्र खोटं बोलत नसेल, पण त्याला प्रश्न नीट कळला नसेल. मला थोडा वेळ द्या."

ते स्वस्तातलं यंत्र होतं. त्याच्या आत एक तापलेली बारीक चकती असते. श्वासातली वाफ तिच्यावर जळते, आणि किती जळली याचा आकडा यंत्र दाखवतं. वाफ दारूची आहे की आणखी कशाची, हे त्या चकतीला सांगता येत नाही. मला मात्र वेगळं विचारता येणार होतं. दारू म्हणजे अल्कोहोल, त्याचं सहज ऑक्सिडीकरण होतं. ॲसिटोन म्हणजे कीटोन, तो बधत नाही. म्हणजे दोघांना एकच ऑक्सिडीकरण करणारा पदार्थ दाखवायचा आणि कोण त्याच्यापुढे नमतं ते बघायचं.

देशमुखांनी घड्याळाकडे पाहिलं, पण ते आले. आम्ही तिघं प्रयोगशाळेत गेलो. काशिनाथ चालताना भिंतीला हात लावत होता. देशमुखांनी माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. तोल जाणं हाही पुरावाच होता त्यांच्या दृष्टीने.

नमुने भरायच्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आमच्याकडे असायच्या. मी काशिनाथला दोन पिशव्या श्वासाने फुगवायला सांगितल्या. मग देशमुखांना म्हटलं, "आता तुम्ही दोन."

"मी? मी कशाला?"

"न प्यायलेल्या माणसाचा श्वास हवा ना समोर ठेवायला."

त्यांनी गाल फुगवून पिशव्या भरल्या. आणखी एक पिशवी मी साध्या हवेने भरली आणि तिच्यात स्पिरिटचा बोळा टाकून ठेवला. ती आमची दारुडी पिशवी.

तीन परीक्षानळ्यांत डायक्रोमेटचं आम्लयुक्त द्रावण घेतलं, फिकट नारिंगी रंगाचं. अल्कोहोल भेटलं की ते त्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि स्वतः क्षपण होऊन हिरवं पडतं. एकाचं झालं की दुसऱ्याचं उलट होतंच, हा या सगळ्या खेळाचा कणा. पिशव्या दाबून आतली हवा बारीक नळीतून एकेका द्रावणात बुडबुड सोडली.

स्पिरिटच्या पिशवीची नळी बघता बघता हिरवी झाली. देशमुखांची नारिंगी राहिली. काशिनाथची पिशवी मी अगदी शेवटपर्यंत पिळली. नारिंगी.

देशमुख नळ्यांजवळ आले. "म्हणजे यात दारू नाही?"

"यंत्राला लाल करण्याइतकी असती तर ही नळी अशी राहिली नसती."

"मग यंत्राला दिसलं काय?"

दुसरी परीक्षा त्यासाठीच होती. कीटोन किंवा अल्डिहाइड असेल तर एका पिवळ्या द्रावणात त्याचा नारिंगी-पिवळा साका बसतो. रोज मालाला लावायची परीक्षा होती ती, माणसाच्या श्वासाला मी प्रथमच लावत होते. देशमुखांचा श्वास सोडला, द्रावण जसंच्या तसं. काशिनाथचा सोडला. आधी काहीच झालं नाही. मग द्रावण गढूळ होत गेलं आणि बारीक, पिवळे कण तळाशी उतरू लागले.

मला आनंद झाला, हे लपवत नाही. नाकाने बरोबर ओळखलं होतं. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ लगेच भीती वाटली. कीटोन कपड्यांतून नाही, प्लँटमधून नाही, पोटातून नाही. मग तो या माणसाच्या अंगातच तयार होत होता.

कॉलेजात जीवरसायनशास्त्राचं एक प्रात्यक्षिक होतं. मधुमेही माणसाच्या लघवीत कीटोन शोधायचे. जांभळा रंग आला की वहीत 'आहे' असं लिहायचं. आम्ही मुली नाक मुरडत ते उरकायचो. ते प्रात्यक्षिक आता धाडकन आठवलं. अंगाला साखर जाळता आली नाही की ते चरबी जाळायला घेतं. तेही ऑक्सिडीकरणच, पण पुरतं होत नाही. अर्ध्यावर राहतं. कीटोन साठतात, त्यांच्यासोबतची आम्लं साठतात आणि रक्त आंबत जातं. ते आम्ल बाहेर टाकायला माणूस खोल खोल श्वास घेतो.

मी वळून काशिनाथकडे पाहिलं. तो स्टुलावर बसून तसाच श्वास घेत होता.

"काशिनाथ, तहान फार लागते का?"

"लय. पानी पिऊन पिऊन प्वाट फुटाला आलंय. तरी सुकतंय तोंड."

"लघवीला?"

तो लाजला. "सारखा जातो. रातचा पन."

"वजन?"

त्याने पँटचा पट्टा दाखवला. त्याला खिळ्याने नवं भोक पाडलेलं होतं. "पायाला काटा लागलेला खारीत. जखम भरं नाय. त्याच्यानी उतरलो आसंन, मना वाटलं."

फर्स्ट-एडच्या खोलीत नाईक नावाचे नर्स होते. त्यांच्याकडे साखर बघायचं यंत्र होतं. डॉक्टर दुपारी यायचे. नाईकांनी काशिनाथच्या बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला आणि यंत्र डोळ्यांजवळ धरलं.

"किती आहे?" देशमुखांनी विचारलं.

"आकडा नाही आला. नुसतं 'हाय' आलंय."

सिक्युरिटीवाला दारात येऊन उभा होता. तो म्हणाला, "हाय म्हंजे? काय हाय?"

"म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याच्याही वर," नाईक म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "गाडी लावा. आत्ता."

देशमुखांनी ॲम्ब्युलन्सला स्वतः फोन केला आणि काशिनाथच्या बगलेत हात घालून त्याला उठवलं. थोड्या वेळापूर्वी याच माणसाला ते मालाच्या गाडीतून घरी पाठवत होते. गाडीत बसताना त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तो वडखळला उतरून घरी गेला असता तर?" मी गाडीचं दार लावलं. रोह्याच्या डॉक्टरांनी काशिनाथला तपासलं. त्यांनी सलाइन लावलं, इन्सुलिन सुरू केलं आणि काशिनाथला लगेच अलिबागला हलवलं. तोपर्यंत त्याची शुद्ध हरपत चालली होती.

तो वाचला. पायाचं एक बोट काढावं लागलं. आणखी आधी कळलं असतं तर बोटही राहिलं असतं. तो वाळत चाललेला, बाटल्याच्या बाटल्या पाणी ढोसणारा, शिफ्टमध्ये पेंगणारा काशिनाथ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. प्रत्येकाने आपापल्या मनात त्याचं निदान केलं होतं, आणि सगळ्यांचं निदान एकच होतं, पुन्हा सुरू केली. एकदा प्यायलेल्या माणसाला आजारी पडायचा हक्कच उरत नाही जणू.

देशमुखांनी गेटवरचं यंत्र बदललं. नवीन महागातलं आणलं, आणि लाल दिवा लागला की आधी नर्सकडे न्यायचं असा नियम केला. मला वाटलं, झालं, प्रकरण मिटलं. पण माझी खोड अशी की मी वाचत बसले. वाचता वाचता एक गोष्ट सापडली आणि मी चपापले. अशा आजारात कधी कधी शरीर थोड्या ॲसिटोनचं उलट क्षपण करतं आणि त्याचं अल्कोहोल बनवतं. दारूतलं नव्हे, त्याच्या नात्यातलं. पण डायक्रोमेटला हा फरक कळत नाही. काशिनाथच्या अंगात ते जास्त झालं असतं, तर त्या दिवशी माझी नळी हिरवी पडली असती. मीच शास्त्राच्या नावाने त्याला दारुडा ठरवलं असतं. जे क्षपण आम्ही मोठ्या भांड्यात, दाब देऊन, निकेल घालून करतो ते माणसाचं यकृत अंगाच्या उष्णतेवर करतं, याचं मला आजही नवल वाटतं. आणि आपण थोडक्यात वाचलो, हेही त्याच्यासोबत आठवतं.

पण मला मुख्य सांगायचंय ते हिराबद्दल. हिरा काशिनाथची बायको.

तो बरा व्हायला लागल्यावर मी अलिबागला त्याला भेटायला गेले. वॉर्डाबाहेर बाकावर ती बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला शेजारी बसवलं. मग म्हणाली, "मी त्याचेशी बोलत नव्हती."

"कधीपासून?"

"वास येवाला लागला तेवापासून. मी बोलली, तू पोरीची आन मोडलीस. तो बोलतो, नाय मोडली. मी बोलली, मंग ह्यो वास कसला? त्याला सांगता येत नव्हता. नुसता बसून रवाचा. जेवान म्होरं ठेवायची नि उठून जायाची मी." तिने पदराने तोंड पुसलं. "मॅडम, मना येक सांगा. वास व्हता ना पन?"

"होता. मलाही आला."

"म्हंजे मी खोटं नव्हती बोलत."

"नाही."

"आनि तो पन खोटं नव्हता बोलत."

"नाही. तोही नाही."

तिने मान हलवली. हे दोन्ही एकदम कसं खरं असू शकतं, ते तिला समजावून सांगायला मी सरसावले होते. चरबी, साखर, कीटोन, सगळं ओठांवर होतं. पण तिला ते नको होतं. ती उठली आणि आत गेली. मी दारात थांबले.

काशिनाथ उशाला टेकून बसला होता. पायाला पट्टी होती. तिला बघून त्याने नजर खाली घातली. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. चादरीची सुरकुती सरळ केली, परत सरळ केली.

"काय खानार?" ती म्हणाली.

त्याने चटकन वर पाहिलं. "तू बोलतंस व्हय माझेशी?"

"इचारतंय ना. काय खानार?"

"भात."

"भात नाय मिलनार. डॉक्टर बोलला, येक मूठ."

"मंग येक मूठ दे," काशिनाथ म्हणाला, "पन तू हितं बस."

ती स्टूल ओढून बसली आणि डब्याचं झाकण उघडायला लागली.